खुर्द्याचा हिशेब : बोस्नियाची जनगणना, १९९१ ते २०१६

फेब्रुवारी २०११ची गोष्ट. लालबागच्या एका चाळीत, दुसऱ्या मजल्यावर, दारातल्या स्टुलावर बसून मी कुटुंब अनुसूची भरत होते. घरातल्या आजींनी पाच नावं सांगितली. थोरला मुलगा, सून, दोन नातवंडं आणि त्या स्वतः. मी बेरीज लिहायला लागले तशा म्हणाल्या, "बाई, धाकट्याला लिवा की."

धाकटा कुठे असतो? मस्कतला. किती वर्षं झाली? "चार झाली. पण घर त्याचंच हाय. ही लादी त्यानंच बसवली."

नियम स्पष्ट होता. ९ ते २८ फेब्रुवारी या गणनेच्या काळात जो माणूस त्या घरात एकही दिवस नाही आणि येणारही नाही, त्याला तिथे मोजायचं नाही. मी तसं समजावून सांगितलं. आजींनी लादीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. म्हणाल्या, "म्हंजी सरकारच्या लेखी त्यो न्हाईच?" मी पाचच नावं लिहिली, सही घेतली आणि पुढचं दार वाजवलं. त्या दिवशी अजून बावीस खोल्या व्हायच्या होत्या.

अडीच वर्षांनी, ऑक्टोबर २०१३मध्ये, युरोपातल्या एका लहानशा देशात जनगणना झाली. युद्धानंतरची पहिली. आणि आजींनी विचारलेल्या याच प्रश्नावर तिचा निकाल पावणेतीन वर्षं अडून राहिला. तो देश म्हणजे बोस्निया आणि हर्झेगोव्हिना.

महापालिकेच्या मराठी शाळेत शिकवत असताना १९९१, २००१ आणि २०११ अशा तीन जनगणनांना मी प्रगणक म्हणून गेले. निवृत्तीनंतर बोस्नियाचं प्रकरण वाचनात आलं आणि मग ते सोडवेना. आता २०२७च्या जनगणनेच्या निमित्ताने तरुण शिक्षक "बाई, दारात काय काय होतं ते सांगा ना" म्हणून येतात. त्यांना मी आधी हे प्रकरण सांगते. इथे ते सविस्तर मांडते आहे.

लढाईच्या आधीची यादी

युगोस्लाव्हिया हा देश एकत्र असताना तिथली शेवटची जनगणना ३१ मार्च १९९१ हा संदर्भ दिवस धरून झाली. इकडे आम्ही १ ते ५ मार्चची उजळणी फेरी संपवून कागद जमा केले, त्याला तेव्हा चार आठवडेही झाले नव्हते. माझी ती पहिलीच जनगणना. त्याच सुमारास तिकडे माझ्याच वयाच्या मास्तरणी अशाच फायली घेऊन जिने चढल्या असतील, हा विचार मनातून जात नाही.

बोस्नियाची लोकसंख्या भरली ४३,७७,०३३. २०११च्या मुंबईच्या, म्हणजे शहर आणि उपनगर मिळून १,२४,४२,३७३च्या, एक तृतीयांशाहून थोडी जास्त. त्यात मुस्लिम ४३.५ टक्के, सर्ब ३१.२ टक्के, क्रोएट १७.४ टक्के. इथे 'मुस्लिम' ही धर्माची नाही तर समूहाची नोंद होती. १९७१पासून युगोस्लाव्हियाच्या जनगणनेत ती स्वतंत्र राष्ट्रीय ओळख म्हणून लिहिता येत असे. १९९३मध्ये, ऐन युद्धात, त्या समाजाने स्वतःसाठी 'बोश्नियाक' हे नाव घेतलं. एका जनगणनेतून दुसरीकडे जाताना रकान्याचं नावच बदललं होतं, हे पुढे लक्षात ठेवायला हवं.

आणखी साडेपाच टक्के लोकांनी आपली ओळख 'युगोस्लाव' अशी लिहून घेतली होती. या साडेपाच टक्क्यांपाशी मी दरवेळी थांबते. आंतरजातीय म्हणावं तशा लग्नांची घरं, त्यांची मुलं, आणि 'आम्ही या देशाचे, एवढं पुरे' असं म्हणणारी माणसं. वर्षभरात तो देशच उरला नाही.

एप्रिल १९९२मध्ये बोस्नियातल्या या समूहांमध्ये युद्ध पेटलं. ३१ मे १९९२ रोजी प्रियेडोर या गावात सर्ब अधिकाऱ्यांनी हुकूम काढला: सर्ब नसलेल्यांनी घरावर पांढरी चादर लावायची आणि बाहेर पडताना दंडाला पांढरी पट्टी बांधायची. त्यानंतर त्या परिसरात काय झालं, ते हेगच्या न्यायालयात अनेक खटल्यांतून पुढे आलं.

हे वाचलं आणि मला गेरू आठवला. घरयादीच्या वेळी आम्ही दारावर, चौकटीवर क्रमांक टाकतो, कुठे गेरूने, कुठे मार्करने. १९९२-९३च्या दंगलीनंतर मुंबईतल्या काही वस्त्यांत लोक तो क्रमांक टाकू देताना कचरायचे. एका घरातल्या बाईंनी मला हात जोडून विनवलं होतं, "मॅडम, आत लिहा, बाहेर नको." मी आतल्या बाजूला लिहिला. पर्यवेक्षकांनी विचारलं तेव्हा कारण सांगितलं आणि त्यांनीही मान डोलावली. दारावरची खूण कोण वाचणार, ही भीती कागद भरणाऱ्याला कळलीच पाहिजे.

युद्ध १९९५च्या अखेरीस थांबलं. २१ नोव्हेंबरला अमेरिकेतल्या डेटन गावी करार ठरला, १४ डिसेंबरला पॅरिसला सह्या झाल्या. देश एकच राहिला पण आत दोन भाग झाले: बोश्नियाक आणि क्रोएटांचं प्राबल्य असलेलं फेडरेशन, आणि सर्बांचं प्राबल्य असलेलं रिपब्लिका स्रप्स्का. पुढे ब्रच्को हा लहानसा जिल्हा वेगळा काढला गेला. तोवर सुमारे २२ लाख माणसं घरदार सोडून गेली होती, निम्मी देशात इकडेतिकडे, निम्मी देशाबाहेर. दर दोन माणसांतला एक.

खुर्दा

पानिपतानंतर पेशव्यांपर्यंत पोचलेली ती सांकेतिक बातमी आपल्याकडे चौथी-पाचवीतल्या पोरालाही ठाऊक असते. दोन मोती गळाले, सत्तावीस मोहरा हरवल्या आणि रुपये-खुर्दा किती गेला त्याची गणती नाही. मोती म्हणजे विश्वासराव आणि भाऊ. मोहरा म्हणजे सरदार. आणि खुर्दा म्हणजे बाकी सगळे. दरवर्षी वर्गात हे शिकवताना मला खुर्द्याशी अडखळायला व्हायचं. गणती नाही, असं लिहून पत्र संपतं.

बोस्नियात खुर्द्याची गणती झाली, आणि ती शक्य झाली १९९१च्या जनगणनेमुळे. या प्रकरणातला सगळ्यात मोलाचा भाग मला हाच वाटतो.

युद्धाच्या काळापासून 'दोन लाख मेले' असा आकडा फिरत होता. काही जण त्याहून वरचा सांगत. तो कोणी मोजलेला नव्हता. धामधुमीत सांगितला गेला आणि रुळला. त्यामुळे दुहेरी नुकसान झालं. ज्यांना कत्तली नाकारायच्या होत्या, त्यांना आकड्याच्या फुगवट्याकडे बोट दाखवून सगळंच खोटं म्हणायची सोय झाली. आणि ज्यांचं माणूस गेलं होतं, त्यांच्या माणसाला त्या गोल आकड्यात नावच नव्हतं.

हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरणात लोकसंख्याशास्त्रज्ञांचा एक गट काम करत होता. नॉर्वेचे हेल्गे ब्रुनबोर्ग त्यांतले एक. जुलै १९९५मध्ये बोस्नियातल्या स्रेब्रेनित्सा गावी सर्ब सैन्याने मारलेल्या बोश्नियाकांची संख्या ठरवायचं काम त्यांच्याकडे होतं. पद्धत ऐकायला साधी आहे. रेड क्रॉस आणि इतर संस्थांकडे नातेवाइकांनी दिलेल्या बेपत्ता माणसांच्या याद्या होत्या. त्या यादीतलं एकेक नाव घ्यायचं आणि १९९१च्या जनगणनेत शोधायचं. सापडलं, म्हणजे हा माणूस खरोखर होता, कोणी कागदावर निर्माण केलेला नाही. मग तेच नाव १९९७-९८च्या मतदार याद्यांत शोधायचं. तिथेही सापडलं तर तो कदाचित जिवंत आहे, त्याला यादीतून काढायचं.

प्रत्यक्षात किती कटकटीचं काम! १९९१चे कागद यंत्राने वाचून संगणकात चढवलेले होते. त्यात अक्षरांचे गोंधळ होते, नावं वाकडी वाचली गेली होती. बेपत्ताच्या यादीत जन्मतारीख अर्धवट. कोणाचं नाव आईने सांगितलं, कोणाचं चुलत्याने, दोघांची शुद्धलेखनं निराळी. मग नाव, वडिलांचं नाव, जन्मसाल, जन्मगाव असं करत करत, कधी यंत्राने आणि कधी डोळ्यांनी, एकेक जोडी लावत जायचं.

हे मला लगेच कळलं, कारण माझ्या स्वतःच्या अनुसूचीत काय असायचं ते मला माहीत आहे. घरात 'बाळा', रेशनकार्डावर 'चंद्रकांत', गावच्या शाळेच्या दाखल्यात 'चंद्रकांत भिकाजी' आणि दारात सांगताना 'सी. बी.'. जन्मतारीख विचारली की आजी सांगणार, "मोठ्या संपाच्या वर्साला झाला." मी १९८२ लिहायचे. दुसरी कोणी प्रगणक असती तर गिरणी संप १९८३पर्यंत चालला म्हणून ८३ लिहिलं असतं. वीस वर्षांनी कोणाला हे माणूस जोडायचं झालं तर माझ्या त्या एका अंकावर सगळं अडेल. असं काही होईल असं तेव्हा कुठे वाटलं होतं! तिकडच्या प्रगणकांनाही वाटलं नसेल.

त्या तपासणीत मतदार याद्यांत सापडलेली बेपत्ता नावं अगदी मोजकी निघाली. ती वगळून किमान ७,४७५ माणसं असा आकडा न्यायालयासमोर ठेवला गेला. 'किमान' हा शब्द त्यांनी सोडला नाही. सर्ब जनरल रादिस्लाव्ह क्रस्तिच यांच्या खटल्यात ही आकडेवारी पुराव्यात होती, आणि ऑगस्ट २००१मध्ये न्यायालयाने स्रेब्रेनित्सात वंशसंहार झाल्याचा निकाल दिला. स्रेब्रेनित्साजवळच्या पोतोचारीच्या स्मारकावर आज ८,३७२ची नोंद आहे.

दुसरी मोजणी राजधानी सारायेव्होत झाली. मिरसाद तोकाचा यांच्या संशोधन आणि दस्तऐवज केंद्राने सगळ्या बाजूंचे मृत, नाव-गाव-तारखेसह, एकेक करून गोळा केले. नावं भरली ९५,९४०. त्यांत सैनिक ५७,७०१ आणि नागरिक ३८,२३९. न्यायाधिकरणाच्या तज्ज्ञांचा २०१०मधला अंदाज १,०४,७३२ होता. हे दोन आकडे एकमेकांना खोटं पाडत नाहीत. एकात फक्त नाव मिळालेली माणसं आहेत, दुसऱ्यात न मिळालेल्यांचाही हिशेब धरला आहे. पण दोन लाखांचा आकडा दोन्हींनी निम्म्यावर आणला, आणि तोकाचांना त्यांच्याच शहरात ऐकून घ्यावं लागलं की तुम्ही आमचं दुःख कमी करताय. मला ते पटत नाही. दोन लाख या शब्दात एकही माणूस दिसत नव्हता. ९५,९४० नावांत प्रत्येकाचा बाप, गाव आणि दिवस आहे.

इथे आपल्या कायद्याचा एक मुद्दा तरुण शिक्षक हमखास काढतात. भारताच्या १९४८च्या जनगणना कायद्याचं १५वं कलम सांगतं की आपण भरलेली नोंद कोणाला पाहायला मागता येत नाही आणि ती न्यायालयात पुरावा म्हणून चालत नाही. मग बोस्नियात चाललं ते योग्य की अयोग्य? मी आपल्या कलमाच्या बाजूची आहे. दारातली बाई मला खरं सांगते ती त्या कलमाच्या भरवशावर. पण ज्या देशात गावंच्या गावं मारली गेली, जिथे माणूस होता हेच सिद्ध करायचं होतं, तिथे ती यादी न्यायालयात उघडली याबद्दल माझ्या मनात शंका नाही. दोन्ही मतं एकत्र ठेवताना त्रास होतो, तो होऊ द्यावा.

आता जिवंतांची

डेटननंतर पहिली जनगणना व्हायला अठरा वर्षं लागली. १९९१ धरून बावीस. पैशांचा, तयारीचा प्रश्न होताच, पण खरा अडथळा वेगळा होता. हाकलून दिलेली माणसं परतायच्या आत मोजणी केली तर हाकलणाऱ्यांच्या कामावर सरकारी शिक्का बसेल, ही भीती. डेटन कराराच्या सातव्या परिशिष्टाने निर्वासितांना आपापल्या घरी परतायचा हक्क दिला होता. फेडरेशनच्या संविधानात तर स्पष्ट तरतूद झाली की हे परिशिष्ट पूर्ण अमलात येईपर्यंत पदांचं वाटप १९९१च्या आकड्यांवरच चालेल. म्हणजे जी माणसं आता तिथे राहत नव्हती, त्यांची जागा संख्येने राखून ठेवलेली.

दुसरीकडे शाळा किती ठेवायच्या, दवाखान्यात खाटा किती, म्हाताऱ्यांची पेन्शन किती लागेल, हे १९९१च्या आकड्यांवर ठरवणं केव्हाच अशक्य झालं होतं. युरोपीय संघाकडे जायचं तर जनगणना हवीच होती. शेवटी फेब्रुवारी २०१२मध्ये संसदेने कायदा केला. एप्रिल २०१३ची तारीख ठरली, ती पुढे ढकलली आणि १ ते १५ ऑक्टोबर २०१३ या पंधरवड्यात प्रगणक दारोदार गेले.

वांशिक ओळख, धर्म आणि मातृभाषा असे तीन प्रश्न होते. त्यांतली ओळख आणि धर्म सांगणं ऐच्छिक होतं. पण सगळं वातावरण याच तीन प्रश्नांनी तापलेलं. बोश्नियाक संघटना सांगत होत्या की 'बोश्नियाक'च लिहा. 'मुस्लिम' किंवा 'बोस्नियन' लिहिलंत तर आपली संख्या फुटेल. काही नागरी गट उलट सांगत होते की स्वतःला देशाचा नागरिक म्हणवून घ्या. मोजणीआधीच प्रत्येक बाजूने आपला आकडा मनात धरलेला होता.

आणि मग तो नियम. देशात सलग बारा महिने राहिलेला किंवा तेवढं राहायच्या इराद्याने आलेला माणूस तेवढा नेहमीचा रहिवासी. आंतरराष्ट्रीय शिफारशींना धरून, योग्यच. पण १९९१ला असं नव्हतं. जुन्या युगोस्लाव्हियात परदेशी तात्पुरत्या कामावर गेलेल्या आपल्या माणसांना लोकसंख्येत धरायची पद्धत होती. जर्मनीत, ऑस्ट्रियात काम करणारे हजारो जण १९९१च्या ४३ लाख ७७ हजारांत आहेत. म्हणजे लालबागच्या आजींचा धाकटा तिकडे १९९१ला मोजला गेला असता आणि २०१३ला गळला असता. युद्ध न होताही आकडा काही प्रमाणात उतरलाच असता. '४४ लाखांचे ३५ लाख झाले' असं एका वाक्यात सांगणाऱ्यांना मी म्हणूनच दरवेळी थांबवते.

नोव्हेंबर २०१३मध्ये प्राथमिक आकडा आला, ३७,९१,६२२ माणसांच्या नोंदी. त्यातून बारा महिन्यांच्या व्याख्येत न बसणारी माणसं गाळायची होती. गाळायची कशी, यावर सगळं अडलं. प्रगणकाने कागद भरून दिला की काम संपत नाही. मग कार्यालयात बसून ठरवावं लागतं की या अर्धवट उत्तराचा अर्थ काय लावायचा. राहतो इथे म्हणतो पण कामाची जागा रिकामी, याला आत धरायचा की बाहेर? सुमारे १,९६,००० माणसांवर वाद होता. राज्यस्तरीय, म्हणजे सगळ्या देशाची, सांख्यिकी संस्था त्यांना रहिवासी धरत होती, रिपब्लिका स्रप्स्काची सांख्यिकी संस्था धरू नका म्हणत होती.

दोन वर्षं उलटली. कायद्याने दिलेली शेवटची तारीख १ जुलै २०१६ होती. मे महिन्यात राज्यस्तरीय संस्थेच्या संचालकांनी एका पद्धतीवर शिक्का मारला आणि ३० जूनला, मुदत संपायच्या एक दिवस आधी, निकाल जाहीर झाला.

एकूण ३५,३१,१५९. बोश्नियाक १७,६९,५९२, सर्ब १०,८६,७३३, क्रोएट ५,४४,७८०. इतर ९६,५३९. ओळख सांगायची नाही म्हणणारे २७,०५५ आणि उत्तरच नसलेले ६,४६०.

चार हजार माणसं

बोश्नियाकांची टक्केवारी भरली ५०.११. निम्म्याच्या वर. सगळ्यांच्या नजरा या एका ओळीवर होत्या. आता कागद-पेन्सिल घेऊन बसा. एकूणच्या निम्मे होतात साधारण १७,६५,५८०. म्हणजे अर्ध्याच्या रेषेवर उभी असलेली माणसं फक्त चार हजारांच्या आसपास. आपल्याकडच्या प्रगणन गटाच्या भाषेत सांगायचं तर पाच-सहा प्रगणकांचं काम. आणि वाद होता १,९६,००० माणसांचा! आकडा कुठल्याही बाजूने दोन पावलं सरकला असता तर मथळा बदलला असता. म्हणूनच तो कोणालाच पचला नाही.

रिपब्लिका स्रप्स्काच्या सरकारने निकाल मानला नाही. राज्यस्तरीय आकड्यानुसार त्या भागात १२,२८,४२३ लोक होते. तिथल्या संस्थेने त्याच वर्षी स्वतःच्या पद्धतीने वेगळा निकाल छापला, ११,७०,३४२. एकाच देशाच्या एकाच भागाचे, एकाच पंधरवड्यात भरलेल्या त्याच कागदांवरून काढलेले दोन सरकारी आकडे. फरक ५८,०८१ माणसांचा. गंमत नाही, ही माणसं खरी आहेत. ती कुठेतरी सकाळी उठून कामाला जातात.

युरोपीय संघाच्या पुढाकाराने नेमलेल्या आंतरराष्ट्रीय निरीक्षकांनी राज्यस्तरीय निकालाला पाठिंबा दिला. माझ्या मते संचालकांनी मुदतीआधी निकाल छापला हे बरोबरच केलं. छापला नसता तर तेवढे कागद वाया गेले असते आणि देश आणखी दहा वर्षं १९९१वर चालला असता. चूक झाली ती त्याच्या कितीतरी आधी. अर्धवट उत्तरांचं काय करायचं, ते सगळ्या बाजूंनी मिळून लेखी ठरवायला हवं होतं, ऑक्टोबर २०१३मधलं पहिलं दार वाजण्याआधी. कागद हातात आल्यावर नियम ठरवायला बसलं की प्रत्येकाला आधी बेरीज दिसते आणि मग नियम.

पण याहून खोल एक गोष्ट आहे. बोस्नियाने एका कागदाला दोन प्रश्न विचारले. इथे आज कोण राहतं, हा एक. इथला हक्काचा माणूस कोण, हा दुसरा. पहिल्याचं उत्तर बारा महिन्यांच्या नियमाने मिळतं आणि शाळा-दवाखान्यांसाठी तेच लागतं. दुसऱ्याचं उत्तर त्या नियमाने कधीच मिळणार नाही, कारण ज्याला बंदुकीच्या धाकाने घराबाहेर काढलं तो बारा महिने घरी नव्हता हा काही त्याचा दोष नाही. त्याच्यासाठी वेगळी नोंद हवी. निर्वासितांची, मालमत्तेची, परतायच्या इच्छेची. जनगणनेच्या खांद्यावर ते ओझं टाकलं की जनगणनाही वाकते आणि त्या माणसाचंही काम होत नाही.

स्रेब्रेनित्सा नगरपालिकेचं पाहा. १९९१ला ३६,६६६ माणसं, त्यांत सुमारे ७५ टक्के मुस्लिम. २०१३ला १३,४०९, त्यांत बोश्नियाक ५४ टक्के. दुसरा आकडा शाळेत बाकं किती लागतील ते अचूक सांगतो. तिथे काय घडलं ते दोन आकड्यांच्या मधल्या रिकाम्या जागेत आहे.

'इतर' या रकान्यातल्या ९६,५३९ लोकांचीही एक बाजू आहे. देशाच्या त्रिसदस्य अध्यक्षमंडळात एक बोश्नियाक, एक क्रोएट आणि एक सर्ब एवढ्यांनाच जागा. देर्वो सेजदिच हे रोमा आणि याकोब फिंत्सी हे ज्यू, दोघांनी या तरतुदीविरुद्ध दाद मागितली आणि २२ डिसेंबर २००९ला युरोपीय मानवाधिकार न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला. तरी २०१३ला जेव्हा प्रगणक विचारत होता तेव्हा ती तरतूद तशीच होती. 'इतर' लिहिणाऱ्याला ठाऊक होतं की आपल्यापुढे कुठली दारं बंद आहेत. तरीही ते लिहिणाऱ्या प्रत्येकाबद्दल मला आदर वाटतो.

२०२७च्या जनगणनेत आपल्याकडे जातीचा प्रश्न असणार आहे. ते युद्ध नाही, तुलना तेवढ्यापुरतीच. पण शिक्षक मला विचारतात की दारातल्या माणसाने जे सांगितलं ते आणि शेजारी सांगतो ते वेगळं निघालं तर? मी म्हणते, ज्याचं नाव त्याचा शब्द. आपण लिहिणारे, ठरवणारे नाही. हे मी १९९१च्या प्रशिक्षणात ऐकलं होतं. त्याचं महत्त्व बोस्नियाचे कागद वाचल्यावर पोचलं.

प्रकरण सांगून झालं की मी त्यांना एक काम देते. तीन कोरे कागद. लालबागचं तेच घर तीनदा भरायचं. एकदा आपल्या २०११च्या नियमाने, एकदा युगोस्लाव्हियाच्या १९९१च्या, एकदा बोस्नियाच्या २०१३च्या. पहिल्या कागदावर सगळ्यांचे पाच येतात. दुसऱ्यावर सगळ्यांचे सहा. तिसऱ्यासाठी मी आजींचं एक वाक्य वाढवते: "पुढच्या म्हैन्यात येतोय, कायमचा." मग पेनं थांबतात. कोणी विचारतं, तिकीट काढलंय का? कोणी म्हणतं, चार वर्षं हेच ऐकत असतील त्या. गेल्या खेपेला निम्म्यांनी पाच लिहिलं आणि निम्म्यांनी सहा, आणि चहा थंड झाला तरी कोणी आपला आकडा खोडायला तयार नव्हतं.